पहिल्या वाचनापासून शंभराव्या प्रयोगापर्यंत : मराठी रंगभूमीवर नट म्हणून उभं राहताना

नाटकात काम करायचं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिला प्रयोग असतो. पुढच्या रांगेत घरची माणसं, नव्या कपड्यांचा वास, पडदा उघडताना पोटात आलेला गोळा. नटाचा कस मात्र चाळिसाव्या-साठाव्या प्रयोगाला लागतो. आदल्या रात्री आठ तासांचा बसप्रवास झालेला असतो, नाट्यगृह अर्धं रिकामं असतं, आणि दुसऱ्या अंकातली वाईट बातमी आपल्याला आत्ताच कळली आहे असं शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं लागतं. या व्यवसायातलं सगळं शिक्षण अखेर याच एका गोष्टीसाठी आहे. खालच्या पायऱ्या वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

पायरी पहिली : कुठली रंगभूमी, ते आधी ठरवा

मराठीत ‘नाटक करतो’ या दोन शब्दांत निदान चार वेगळी आयुष्यं बसतात.

हौशी रंगभूमी म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून, गावातल्या संस्थेबरोबर वर्षाला एखाद-दुसरं नाटक. राज्य शासनाची नाट्यस्पर्धा १९५४पासून चालू आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं आणि तिची प्राथमिक फेरी सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, नागपूर, चंद्रपूर अशा अनेक केंद्रांवर होते. लहान गावातल्या नटासाठी आजही हेच सगळ्यांत खुलं दार आहे. प्रायोगिक रंगभूमीवर प्रयोग कमी, पैसे जवळजवळ नाहीत, पण संहिता आणि मांडणी यांच्याशी झटापट भरपूर. व्यावसायिक रंगभूमी म्हणजे निर्माता, तिकीटविक्री, शनिवार-रविवारचे प्रयोग आणि दौरे. इथे प्रत्येक प्रयोगाचं मानधन मिळतं, त्याला ‘नाईट’ म्हणतात.

चौथं आयुष्य पुण्या-मुंबईच्या लोकांना फारसं माहीत नसतं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीच्या आसपास आटोपते. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं केंद्र. कंपन्यांची कार्यालयं तिथे, गावोगावचे लोक नाटक ठरवायला येतात तेही तिथेच. मंडई म्हणजे गावजत्रा किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्तानं गावात नाटक लागतं, रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. रोज नवं गाव, रोज जागरण, हजारोंचा प्रेक्षक. तिथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या रंगभूमीवर टिकायला दमदार आवाज, गाणं आणि हजरजबाबीपणा लागतो. शहरी नाटकातला दबका, कुजबुजता अभिनय तिथे तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. तळकोकणातला आणि गोव्यातला दशावतार याहून वेगळा. त्यात लिखित संहिता नसते, नट प्रसंग ठरवून संवाद जागेवर बोलतो. त्यासाठी पुराणकथा पाठ आणि जीभ तयार हवी.

एक गोष्ट निवडली म्हणून बाकीच्यांची दारं बंद होत नाहीत. पण पहिली तीन वर्षं एका ठिकाणी घट्ट काढा. सगळीकडे थोडं-थोडं करणाऱ्याचं नाव कुठल्याच संस्थेच्या तोंडी बसत नाही.

पायरी दुसरी : दार शोधणं

महाविद्यालयात असाल तर एकांकिका स्पर्धा सोडू नका. पुण्याची पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. तालमी पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे जूनमध्येच महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात नाव द्यायला हवं. भूमिका नाही मिळाली तर नेपथ्य, संगीत, प्रकाश, जे मिळेल ते घ्या. बॅकस्टेजचं एक वर्ष नटाला फार उपयोगी पडतं. सहनटाची एन्ट्री दोन सेकंद उशिरा झाली की पुढचा अख्खा प्रसंग कसा सैल पडतो, हे विंगेतून उभं राहून पाहिल्याशिवाय समजत नाही.

महाविद्यालय संपलं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धेला उतरणाऱ्या संस्थेकडे जा. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते, त्यामुळे दोन-अडीच महिने आधी संस्थांना माणसं हवी असतात. पहिल्याच भेटीत ‘मला मुख्य भूमिका करायची आहे’ म्हणू नका. ‘रोज संध्याकाळी सात ते दहा मी मोकळा आहे आणि तालीम चुकवणार नाही’ असं सांगा. दिग्दर्शकाला ते जास्त मोलाचं वाटतं.

रीतसर शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग, गोव्यात कला अकादमीचं नाट्यविद्यालय आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय या जागा आहेत. दिल्लीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी आणि आधीच्या नाटकांचा अनुभव दोन्ही मागतात. तिथे जायचं असेल तर केलेल्या प्रत्येक नाटकाचं माहितीपत्रक आणि प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आठवड्याअखेरच्या अभिनय शिबिरांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : शिबिरानं ओळखी होतात, नट होत नाही. पैसे भरण्यापूर्वी तिथे प्रत्यक्ष प्रयोग होणार का आणि किती, ते विचारा.

पायरी तिसरी : निवडीचं वाचन

दोन स्वगतं कायम तयार असू द्या, प्रत्येकी दीड ते दोन मिनिटांची. एक गंभीर, एक हलकं. शक्य असेल तर एक प्रमाण मराठीत आणि एक आपल्या बोलीत. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, मराठवाडी येत असेल तर ते भांडवल आहे, ते लपवू नका. मात्र दोन्हींत हवं तेव्हा ये-जा करता आली पाहिजे. गाजलेल्या नाटकांतली गाजलेली स्वगतं घेऊ नका. समोर बसलेल्यानं ती मोठ्या नटाच्या तोंडून ऐकलेली असतात आणि तो नकळत तुलनाच करतो.

हातात पानं देऊन वाचायला सांगितलं तर घाई करू नका. ‘दोन मिनिटं वाचून घेऊ का?’ असं विचारलेलं कुणालाही खटकत नाही. वाचताना पानात डोकं घालून बसू नका. वाक्य डोळ्यांनी उचला, मान वर करा आणि समोरच्याशी बोला. दिग्दर्शकानं ‘आता हेच चिडून नको, दमून म्हणा’ असं सांगितलं तर तीच खरी परीक्षा. पहिल्यांदा चांगलं वाचणारे पुष्कळ असतात, सांगितल्यावर बदलणारे थोडे.

पायरी चौथी : तालमीचे तीस-चाळीस दिवस

दोन अंकी नाटक साधारण तीस ते चाळीस दिवसांत उभं राहतं. पहिला आठवडा वाचनाचा. त्यानंतर दहा-बारा दिवस हालचाली बसवण्याचे, ज्याला सगळे ब्लॉकिंगच म्हणतात. मग एकेक प्रसंग घासणं, मग अंक सलग, मग प्रकाश-संगीताची तांत्रिक तालीम आणि शेवटी कपडे-रंगभूषेसह रंगीत तालीम.

वाचनाच्या आठवड्यात संहितेच्या प्रत्येक पानावर तीन गोष्टी लिहा : मी कुठून आलो, मला समोरच्याकडून काय हवंय, आणि मी आत येण्याआधीच्या तासात काय घडलं. ही उत्तरं कुणाला दाखवायची नसतात. ब्लॉकिंगच्या दिवसांत पेन नको, पेन्सिलच हवी, कारण हालचाली निदान चार वेळा बदलतात. ‘सोफ्यामागून डावीकडे’ असं लिहाल तर डावी बाजू नटाची, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरची. नवखे इथेच गोंधळतात आणि दोघं एकाच दारातून येतात. तालमीच्या जागी नेपथ्याचं खरं माप खडूनं किंवा चिकटपट्टीनं आखलेलं आहे ना, ते बघा. नसेल तर स्वतः आखा. खोलीत सहज चार पावलांत गाठलेलं दार प्रत्यक्ष सेटवर सात पावलं निघतं आणि वाक्य मध्येच संपून जातं.

पाठांतर

याच्यासाठी वेगळी पायरी हवी, इतक्या चुका यात होतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे वाक्यांबरोबर त्यांचा सूरही पाठ करणं. घरी एकट्यानं, आरशासमोर, भावनेसकट घोकलेलं वाक्य एका चालीत बसतं. मग तालमीत समोरचा नट वेगळं काही करो, तुमचं उत्तर त्याच चालीत येतं. दिग्दर्शक आठ दिवस डोकं आपटतो तरी ती चाल निघत नाही. म्हणून पाठांतर सपाट करा, बाजाराची यादी वाचल्यासारखं.

कृती अशी. आपली वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधीचा समोरच्याचा क्यू, म्हणजे शेवटचे चार-पाच शब्द, वहीत स्वतःच्या हातानं उतरवा. रोज तीन ते चार पानं, त्याहून जास्त नकोत. आधी विचारांचा क्रम पाठ करा : या परिच्छेदात मी पहिल्यांदा नाकारतो, मग जुनी गोष्ट काढतो, मग धमकी देतो. क्रम बसला की शब्द त्याला धरून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना, जिना चढताना तीच पानं म्हणा, कारण हात-पाय कामात असताना आलं तरच ते खरं आलं. तिसऱ्या दिवशी घरातल्या कुणालातरी वही द्या आणि मधलाच कुठलाही क्यू टाकायला सांगा. क्रमानं सगळं येतं आणि मधूनच विचारलं की अडतं, याचा अर्थ पाठांतर अर्धंच झालं आहे.

समोरच्याची वाक्यंही ऐकायला शिका. फक्त स्वतःचा क्यू येण्याची वाट पाहणारा नट प्रेक्षकाला लगेच ओळखू येतो. त्याचे डोळे थांबलेले असतात.

पायरी पाचवी : आवाज, आणि मराठी

रोजचा पंधरा मिनिटांचा रियाज पुरेसा आहे, पण तो रोज हवा. पाठीवर झोपून हात पोटावर ठेवा, चार मोजत श्वास घ्या आणि ‘स्स्स’ करत सोडा. सुरुवातीला पंधरा सेकंद टिकेल. काही आठवड्यांत पंचवीसपर्यंत जायला हवं. मग तीन मिनिटं ओठ अलगद मिटून गुणगुणा. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी झिणझिण्या आल्या पाहिजेत, घशाला ताण जाणवता कामा नये. मग ओठ फुरफुरवत आवाज खालून वर आणि वरून खाली न्या. शेवटी ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ आधी सावकाश, मग भरभर. एकही ळ घसरू न देता.

आता मराठीची खास अडचण. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही तिथेच असतो. नवखा नट वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटाकडे श्वास संपल्यामुळे आवाज गळतो. ‘मी त्या रात्री तिथे गेलोच नव्हतो’ यातलं ‘नव्हतो’ गेलं की मागच्या प्रेक्षकाला नेमकं उलटं ऐकू येतं आणि नाटकाचं रहस्यच बदलतं. तपासायचा उपाय सोपा आहे. रिकाम्या नाट्यगृहात मित्राला शेवटच्या रांगेत बसवा आणि तुमच्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहायला सांगा. वीस वाक्यांपैकी अठरा शब्द बरोबर आले पाहिजेत.

दुसरं, च-ज-झ यांचे दोन-दोन उच्चार. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतले ज निराळे आहेत, हे लिहून कळत नाही, बोलूनच कळतं. ण-न आणि ळ-ल यांचंही तसंच. पात्र प्रमाण मराठी बोलणारं असेल तर हे सांभाळा. पात्र बोलीतलं असेल तर त्या बोलीचे उच्चार तितक्याच काटेकोरपणे सांभाळा. ‘गावरान’ म्हणून सगळ्या गावांची खिचडी करून बोललेलं त्या त्या गावचा प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो.

घसा बसला तर कुजबुजत बोलू नका. कुजबुजण्यानंही स्वरयंत्रावर ताण येतो. गप्प बसणं हाच इलाज. वाफ घ्या, कोमट पाणी पीत राहा, सारखं खाकरू नका. मेंथॉलच्या गोळ्यांनी घसा बधिर होतो, दुखणं कळत नाही आणि नट आणखी ओरडतो. दोन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलंच पाहिजे.

पायरी सहावी : उजेडात उभं राहणं

प्रकाशात नेमकं उभं राहणं ही सवयीची गोष्ट आहे. जुन्या हॅलोजन दिव्यांची ऊब कपाळाला जाणवायची आणि तिच्यावरून जागा सापडायची. एलईडी दिव्यांत ती ऊब नाही. म्हणून तांत्रिक तालमीत आपल्या प्रत्येक महत्त्वाच्या जागी उभं राहून दिव्याकडे एकदा बघा. भिंग पूर्ण दिसत असेल तर तुमचा चेहरा उजळलेला आहे. सहनटाची सावली तोंडावर पडत असेल तर त्याला ढकलू नका, स्वतः अर्धं पाऊल सरका. ब्लॅकआऊटच्या आधी शक्य असेल तर दोन-तीन सेकंद डोळे मिटून घ्या, अंधारात लवकर दिसू लागतं. पायऱ्यांच्या आणि लेव्हलच्या, म्हणजे सेटवरच्या उंचवट्यांच्या, कडांना रेडियमची पट्टी लावलेली आहे का, ते प्रत्येक प्रयोगाआधी स्वतः पाहा. पाय मुरगळण्याचे बरेचसे प्रसंग अंधारातल्या एक्झिटला घडतात.

प्रेक्षक हसले की थांबा. हशा चढतो, शिखराला पोचतो आणि उतरू लागतो. तो उतरताना, पूर्ण शांत व्हायच्या आधी, पुढचं वाक्य घ्या. आधी बोललात तर वाक्य बुडतं, फार थांबलात तर प्रसंग थंड होतो. काल जिथे हसले तिथे आज हसतीलच असं धरून थांबू नका. आणि हशासाठी पदरची वाक्यं घालायची, म्हणजे ‘अ‍ॅडिशन’ घ्यायची, सवय पहिल्या वर्षी लावूच नका. सहनटाचा क्यू बिघडतो, नाटक लांबतं. शिवाय महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित झालेली असते, ती तुमच्या लहरीनं बदलायची नसते.

रंगभूषेबद्दल थोडक्यात. पॅनकेक किंवा बेस नवा असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. काजळ आणि स्पंज दुसऱ्याचा वापरू नका. एकाचे डोळे आले की आठवड्यात सगळ्या चमूचे येतात. खोट्या मिशीसाठी ओठावरचा भाग कोरडा आणि गुळगुळीत दाढी केलेला हवा, घाम आला की आधी कोपरे सुटतात. प्रयोगानंतर खोबरेल आणि कापसानं सगळं उतरवा, मग तोंड धुवा. दमून तसेच झोपलात की पंधरा दिवसांत चेहरा पुरळानं भरतो.

पायरी सातवी : प्रयोगाचा दिवस

रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर साडेसहाला नाट्यगृहात पोचा. जेवण त्याआधी, दुपारी चारच्या सुमारास, हलकं. मध्यंतरातला बटाटेवडा प्रेक्षकांसाठी आहे. तेलकट खाऊन दुसऱ्या अंकात गेलात की घशात थर बसतो आणि लांब वाक्यात खाकरावं लागतं.

पोचल्यावर क्रम असा ठेवा. आधी रंगमंचावर जाऊन एक चक्कर मारा. दारं उघडतात कुठल्या बाजूला, पायरी हलते का, या नाट्यगृहात विंगा किती अरुंद आहेत. टाळी वाजवून आवाज कसा फिरतो तेही पाहा; रिकाम्या आणि भरलेल्या घरात, म्हणजे प्रेक्षागृहात, फरक पडतो, भरलेलं घर आवाज शोषून घेतं. मग तुमच्या हाताळायच्या वस्तू स्वतः तपासा. चिठ्ठी खिशात आहे का, पेन लिहितं का, कपात पाणी आहे का. ते काम बॅकस्टेजच्या माणसाचं असलं तरी रंगमंचावर रिकाम्या खिशात हात घालणारे तुम्ही असता. मग आवाज, मग रंगभूषा, मग कपडे. फोन बंद करून पिशवीत. नटराजाची पूजा, नारळ, आणि तिसऱ्या घंटेआधी दोन मिनिटं कुणाशीही गप्पा नकोत.

आणि चुकलं तर? वाक्य विसरणार, ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं. त्या क्षणी श्वास सोडा आणि हातात जे काम आहे ते करा : पाणी ओता, खुर्ची सरकवा, समोरच्याकडे बघा. दहापैकी आठ वेळा वाक्य परत येतं. विसरल्याचं तोंडावर दाखवू नका; प्रेक्षकाला संहिता माहीत नसते. सहनट अडला तर ‘काय म्हणत होतास?’ असं विचारू नका, त्यानं तो आणखी गळपटतो. त्याच्या वाक्यातली माहिती तुमच्या वाक्यात घालून टाका : ‘म्हणजे जमिनीचे कागद तू आधीच विकलेस तर!’ यासाठी तालमीतच प्रत्येक प्रसंगाचे पाच-सहा टप्पे सगळ्यांनी मिळून ठरवावेत, ज्या गोष्टी प्रेक्षकाला कळल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. कुणी दोन पानं उडी मारली तर वाक्यांची चिंता सोडा, टप्पा सुटला नाही ना तेवढं पाहा.

पायरी आठवी : दौरा

दौऱ्याची पिशवी : जाड चादर, टॉर्च, चपलांचा जादा जोड, चार हँगर, सुई-दोरा, दहा-बारा सेफ्टी पिना, पाण्याची मोठी बाटली, डासांसाठी मलम, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं निदान चार दिवस पुरतील इतकी. संहितेची एक प्रत कायम. ही यादी नाजूकपणाची नाही. कित्येक नाट्यगृहांच्या रंगपटात नळाला पाणी नसतं, आरशावरचा दिवा गेलेला असतो आणि स्वच्छतागृहाची कडी लागत नाही.

गावागणिक रंगमंचाची रुंदी-खोली बदलते. सेटचा एक पॅनेल काढला जातो, दार दोन फूट आत येतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी एन्ट्रीची पावलं नव्यानं मोजा. प्रेक्षकही बदलतो. एका गावात जिथे टाळी पडते तिथे दुसऱ्या गावात पूर्ण शांतता असते आणि ती शांतता टाळीहून चांगली असू शकते. घाबरून आवाज चढवू नका.

रात्रीच्या प्रवासाबद्दल कडक राहा. प्रयोग संपवून मध्यरात्री निघायचं आणि सकाळी दुसऱ्या शहरात पोचायचं, हा या व्यवसायाचा जुना रिवाज आहे आणि त्यानं माणसं गेली आहेत. अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा २००१ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातातच मृत्यू झाला. चालक दिवसभर झोपला होता का, हे सूत्रधाराला, म्हणजे दौऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्याला, विचारण्यात संकोच कसला?

नव्यानं येणाऱ्या मुलींनी दौरा ठरतानाच विचारून घ्यायच्या गोष्टी : कपडे बदलायला वेगळी खोली, मुक्कामाच्या खोलीत सोबत कोण, प्रयोगानंतर घरापर्यंत सोडणार का. २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नाटकालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे विचारल्यामुळे भूमिका गेली, तर तिथे काम न केलेलंच बरं.

पायरी नववी : पैसे

हिशेब स्वच्छ मांडा. उदाहरणादाखल नाईट १,५०० रुपये धरली आणि महिन्याला दहा प्रयोग झाले तर हाती १५,००० येतात. पण दहा प्रयोग दर महिन्याला होत नाहीत. परीक्षांचे दिवस, मुसळधार पाऊस, निवडणुका, यांत प्रयोग गळतात. तालमीचे तीस-चाळीस दिवस अनेकदा बिनपैशाचे असतात. त्यामुळे महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशेब करा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. ते पूर्ण वेळ नट झाले १९६९ साली, वयाच्या चाळिशीनंतर.

काम स्वीकारताना या गोष्टी निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या : नाईट किती, ती त्याच रात्री मिळणार की महिन्याला, प्रवास-जेवण-मुक्काम कुणाकडे, प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर काय, नाटकाचं चित्रीकरण विकलं तर नटाला काय, आणि नाटक सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं. टीडीएस, म्हणजे मानधनातून परस्पर वळता केलेला कर, कापला असेल तर त्याचा दाखला मागून घ्या. हे विचारताना आवाज खाली येऊ देऊ नका, हा तुमच्या कामाचा भाग आहे.

मालिका मिळाली तर पोट भरतं, पण चित्रीकरणाचा दिवस बारा-तेरा तासांचा असतो. प्रयोगाच्या तारखा मालिकेच्या लोकांना आधीच, लेखी द्या. तारखांचा घोळ घालणारा नट दोन्हीकडून जातो.

याच घोळातून नव्या माणसाला मात्र संधी मिळते. कुणाच्या तारखा जुळत नाहीत म्हणून चार-आठ दिवसांत ‘रिप्लेसमेंट’ उभी करायची असते, आणि व्यावसायिक रंगभूमीवर पुष्कळ जणांचं पहिलं पाऊल असंच पडतं. बोलावणं आलं तर पहिल्या दिवशी नाटक प्रेक्षकांतून पाहा, दुसऱ्यांदा विंगेतून. कागदावर सेटचा नकाशा काढून आपली प्रत्येक हालचाल बाणानं दाखवा. आधीच्या नटाच्या जागा जशाच्या तशा घ्या, कारण प्रकाश आणि सहनट त्याच्याशी बांधलेले आहेत. त्याच्या लकबी मात्र घेऊ नका. पहिले पाच प्रयोग फक्त कुणाच्या वाटेत न येण्याचे. सहाव्यापासून भूमिका स्वतःची करायला लागा.

मिळतं काय

चित्रीकरणात भूमिका एकदा होते आणि हातातून जाते. नाटकात ती वर्षानुवर्षं तुमच्याजवळ राहते. सतराव्या प्रयोगाला एका वाक्याचा अर्थ अचानक उलगडतो, ज्यावरून तुम्ही सोळा वेळा नुसते चालत गेला होतात. पात्राच्या वडिलांबद्दलचं वाक्य तुमचे वडील गेल्यावर वेगळं बोललं जातं आणि त्या रात्री सभागृह तुमच्याबरोबर श्वास रोखतं. साताठशे माणसं एकाच क्षणी गप्प होतात, ती शांतता दुसऱ्या कुठल्या कामात कानांना ऐकू येत नाही. भाषा अंगात मुरते. वेगवेगळ्या वयाची, जातीची, गावची माणसं एका बसमध्ये, एका ताटात येतात आणि रंगमंचावर एकमेकांना सांभाळतात. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५००वा प्रयोग केला. एवढे प्रयोग पैशांच्या ओढीनं होत नाहीत. रोज संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला मिळते, याचीच गोडी लागावी लागते.

प्रयोगवही

शेवटची सवय, जी पहिल्या प्रयोगापासून लावायची. घरी पोचल्यावर किंवा बसमध्येच, झोपण्याआधी, वहीत पाच ओळी लिहा : तारीख-गाव-नाट्यगृह, घर किती भरलं होतं, हशा कुठे पडला आणि कुठे पडला नाही, कुठलं वाक्य हललं किंवा फम्बल झालं, आणि समोरच्या नटानं आज काय नवीन केलं. पाचवी ओळ सलग तीन प्रयोग कोरी राहिली, तर तुम्ही समोरच्याचं ऐकणं सोडलं आहे. पुढच्या प्रयोगाला पहिल्या प्रवेशात त्याच्या डोळ्यांकडे बघून सुरुवात करा.